रिकाम्या रॅकचं भाडं कोण भरणार? कोकणातल्या पॅकिंग-डिस्पॅच सेवांचं मंदीतलं परीक्षण

कोकम आगळ, काजूगर, आंबापोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला असा माल आपण बनवायचा आणि वेबसाइटवर नाहीतर व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायच्या. पुढचं सगळं, म्हणजे माल ठेवणं, ऑर्डरप्रमाणे काढणं, खोक्यात भरणं, लेबल लावून कुरिअरच्या गाडीत चढवणं, दुसऱ्याकडे सोपवायचं. या कामाला आता सगळेच फुलफिलमेंट म्हणतात. हे काम घेणारी तीन प्रकारची माणसं कोकणातल्या उत्पादकाला भेटतात. पहिली भिवंडीतली मोठी गोडाऊनं. दुसरी रत्नागिरीच्या मिरजोळे, चिपळूणच्या खेर्डी, कुडाळ अशा एमआयडीसींच्या आसपास एखाद्या शेडमध्ये चालणारी छोटी केंद्रं. तिसरा प्रकार म्हणजे पॅकिंग घरीच करून फक्त वाहतूक बाहेर देणं. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचं आहे. नाव घेऊन गुण देण्यात अर्थ नाही, कारण एकाच केंद्राचा करार दोन गिऱ्हाइकांसाठी दोन तऱ्हेचा असतो. तपासायचा तो करार आणि कामाची पद्धत.

विक्री चढती असते तेव्हा यातलं जवळपास प्रत्येक केंद्र बरं वाटतं. खरा कस लागतो तो ऑर्डर निम्म्यावर येतात तेव्हा. लोकांचा हात आखडला की पहिली काटछाट घरच्या भाजी-आमटीत होत नाही, ऑनलाइन मागवलेल्या फणसपोळीत होते. ऑर्डर कमी झाल्या तरी बिल त्या प्रमाणात खाली येत नाही, आणि इथेच बहुतेक उत्पादक फसतात. ‘ऑर्डरमागे किती घेता?’ एवढंच विचारून ते करार करतात. विचारायला हवं ते वेगळंच: ऑर्डर आल्या नाहीत तर रिकाम्या रॅकचं भाडं कोणाच्या माथी?

दोन दरपत्रकं शेजारी ठेवून बघा. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण मांडणी नेहमीचीच आहे. पहिलं केंद्र ऑर्डरमागे २२ रुपये घेतं, महिन्याला कॅरेटमागे १८ रुपये साठवण आणि ‘किमान मासिक बिल १२,००० रुपये’ अशी अट. दुसरं केंद्र ऑर्डरमागे ३० रुपये घेतं, कॅरेटमागे २५ रुपये साठवण, किमान बिलाची अट नाही. तुमची साठ कॅरेट तिथे पडलेली आहेत. महिन्याला ६०० ऑर्डर असतील तर पहिल्याचं बिल १४,२८० आणि दुसऱ्याचं १९,५००. कोणीही पहिलंच घेईल. ऑर्डर २५० वर आल्या की पहिल्याचा हिशेब खरं तर ६,५८० होतो, पण अट आहे म्हणून भरायचे १२,०००, म्हणजे ऑर्डरमागे ४८ रुपये. दुसऱ्याचं बिल ९,०००, ऑर्डरमागे ३६. दोघांची बरोबरी ३५० ऑर्डरींवर होते. तेव्हा मंदीत आपण ३५० च्या वर राहू की खाली, एवढा अंदाज बांधता आला तरी निवड अर्धी झाली. कुरिअरचे पैसे यात धरलेले नाहीत, ते वेगळे. शिवाय या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची जीएसटी नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर तो परत मिळत नाही. सरळ खर्चात धरा.

कोकणच्या मालाला आणखी एक गोष्ट लागू आहे, जी भिवंडीच्या छापील करारात कधीच बसत नाही. आपला धंदा हंगामी. एप्रिल-मेमध्ये महिन्याला १,५०० ऑर्डर आणि उरलेले दहा महिने ३०० अशी चाल धरा. पहिल्या केंद्राचं किमान बिल महिन्याचं असेल तर वर्षाला १,८८,१६० रुपये जातात, कारण दहा महिने तुम्ही ७,६८० च्या कामाचे १२,००० भरता. तेच किमान बिल वर्षाचं धरलं, म्हणजे वर्षाला १,४४,०००, तर सगळ्या वर्षाचं खरं बिल १,४४,९६० होतं आणि अटीचा त्रासच उरत नाही. ४३,२०० रुपयांचा फरक, आणि तोही ‘मासिक’ऐवजी ‘वार्षिक’ एवढाच शब्द बदलून. हंगामात कॅरेट वाढतील, साठवणीचे चार पैसे जास्त जातील, पण मुद्दा तोच राहतो. केंद्रवाले वार्षिक अटीला लगेच ‘नाही’ म्हणतात. हंगामाचे पैसे हंगामात देऊ, तिमाहीला हिशेब करू म्हटलं की बरेचसे वळतात.

केंद्रवाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी, नाहीतर घासाघीस करून शेवटी त्यालाच बुडवाल आणि आपला माल त्याच्या शेडमध्ये अडकवाल. त्याचा खर्च शेडभाडं, एक सुपरवायझर, दोन-तीन पॅकर, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि इन्व्हर्टर असा असतो. ऑर्डर शंभर येवोत नाहीतर दहा, यातलं काहीही कमी होत नाही. खोकी, टेप, लेबल एवढंच काय ते ऑर्डरींबरोबर वरखाली होतं. म्हणून ‘किमान बिल नको’ म्हणणाऱ्या केंद्राचा ऑर्डरमागचा दर थोडा चढा असणारच, आणि तो असावा. किमान बिलही नाही आणि दरही सगळ्यांपेक्षा कमी, असं कोणी सांगत असेल तर तो माणूस भांडवल खातोय. अशी केंद्रं मंदीत पहिली बंद होतात. टिकतात ती, ज्यांच्याकडे पंधरा-वीस छोटी गिऱ्हाइकं असतात आणि त्यांचे हंगाम एकमेकांवर पडत नाहीत. आंबेवाला एप्रिल-मेचा, फराळवाला दिवाळीचा, काजूगरवाला भेटवस्तूंच्या दिवसांचा, कोकमवाला उन्हाळ्याचा, मसालेवाला बारमाही. निम्मं काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं असेल तर ते गिऱ्हाईक हललं की केंद्र हललं. केंद्र बघायला गेलात की रॅकवरची लेबलं वाचा. एकाच ब्रँडची खोकी निम्म्या रॅकवर दिसली तर सरळ विचारा.

केंद्र डबघाईला आलंय हे सांगायला कोणी येत नाही, पण लक्षणं दिसतात. दुपारी तीनपर्यंतच्या ऑर्डर त्याच दिवशी निघायच्या, ते हळूच बारावर येतं. टेप पातळ होतो. वापरलेली खोकी उलटी करून भरली जातात. मग एक दिवस कुरिअरची गाडीच येत नाही, आणि कारण सांगितलं जातं पाऊस. पाऊस असेलही, पण अनेकदा कुरिअरची थकबाकी असते म्हणून पिकअप थांबलेला असतो. एकाच दिवशी त्याच शेडमधून दुसऱ्या कुरिअरचा माल निघाला आणि तुमचा राहिला, तर पावसाला दोष देऊ नका.

या सगळ्यात सर्वांत धोक्याची जागा सीओडीची. गिऱ्हाईक दारात पैसे देतं, कुरिअर ते गोळा करतो, आणि केंद्राने कुरिअरचं खातं स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर ते पैसे आधी केंद्राच्या खात्यात जमा होतात. तिथून तुमच्याकडे. चांगल्या दिवसांत आठवड्याला हिशेब येतो. मंदीत केंद्राला पगार भागवायचे असतात आणि हाताशी रोकड असते ती तुमचीच. २५० ऑर्डरींपैकी शंभर सीओडीच्या, सरासरी ६५० रुपयांच्या, म्हणजे महिन्याला ६५,००० रुपये. तीन आठवडे अडकले तरी ४९ हजारांच्या आसपास. ज्या केंद्राचं तुमचं महिन्याचं बिल नऊ हजार, त्याच्याकडे तुमचे पाचपट पैसे बिनव्याजी पडून. म्हणून कुरिअरचा करार तुमच्या नावाने, सीओडी थेट तुमच्या खात्यात, आणि केंद्राने फक्त लेबल छापून माल द्यायचा, ही मांडणी मिळत असेल तर ऑर्डरमागे पाच रुपये जास्त द्यायलाही हरकत नाही. छोट्या उत्पादकाला कुरिअर एकट्याला चांगला दर देत नाही, हे खरं. पण अनेक कुरिअर एकत्र देणाऱ्या ॲग्रीगेटरचं खातं स्वतःच्या नावाने काढता येतं आणि पिकअपचा पत्ता केंद्राचा देता येतो. एवढंही जमत नसेल तर आठवड्याच्या आठवड्याला केंद्राने आपलं बिल कापून उरलेली रक्कम पाठवायची आणि एक आठवडा चुकला की सीओडी बंद, असं लिहून घ्या.

इथे ४५ दिवसांच्या नियमाची सरमिसळ होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादाराचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आयकराच्या नियमांमुळे तर वेळेत न दिलेलं आणि वर्षअखेरपर्यंतही थकलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरताही येत नाही. पण हा नियम केंद्राच्या बिलाला लागतो, म्हणजे तुम्ही त्याला द्यायच्या पैशांना. त्याने तुमचे सीओडीचे पैसे दाबले तर ती त्याच्या हातात असलेली तुमची रक्कम आहे, पुरवठ्याचं बिल नव्हे. तिथे हा नियम धावून येत नाही. संरक्षण करारातच हवं.

माल अडवण्याचंही तसंच. बिल थकलं की केंद्र म्हणतं, पैसे द्या मग माल न्या. भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे ज्या मालावर श्रम किंवा कौशल्य खर्च झालंय तो माल त्या कामाच्या पैशांपुरता अडवता येतो. सगळ्या जुन्या थकबाकीसाठी सगळाच माल अडवण्याचा सरसकट हक्क १७१ व्या कलमात बँका, आडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल सांभाळणारे) अशा ठरावीक लोकांनाच आहे. इतरांना तो करारात लिहून घ्यावा लागतो. आणि छापील करारात तो बहुधा लिहिलेला असतोच, शेवटून दुसऱ्या पानावर. तो काढून घ्या किंवा ‘थकीत रकमेच्या दीडपट किमतीच्या मालापुरता’ अशी मर्यादा घाला. जाम, आगळ, आंबापोळी अडवून ठेवली तर तारीख उलटते. माल अडवणाऱ्यालाही त्याचा काही उपयोग नाही.

आता कामाची प्रत. ती बघायची असेल तर एकच वस्तू घ्या: कोकम आगळाची एक लिटरची बाटली. हिच्यात जे केंद्र पास झालं ते बाकी सगळ्यात होतं. आगळ आंबट आणि खारट, दोन्ही. लोखंडी झाकण असेल तर ते आतून गंजतं, म्हणून प्लास्टिकचं झाकण आणि त्याखाली इंडक्शन सील, म्हणजे तोंडावर उष्णतेने चिकटवलेलं फॉइल. सील करताना झाकण आधी घट्ट फिरवलेलं नसेल तर फॉइल सुरकुततं आणि सुरकुतीतून आगळ झिरपतं. हे काम उत्पादकाचं. पण माल आत घेताना केंद्राने प्रत्येक लॉटमधल्या दोन-तीन बाटल्या वर्तमानपत्रावर आडव्या करून चोवीस तास ठेवल्या पाहिजेत. लाल डाग दिसला की लॉट परत. हे न करणाऱ्या केंद्रात एक गळकी बाटली बाकीच्या पाच ऑर्डरींची लेबलं ओली करते, कुरिअर ते पार्सल ‘डॅमेज’ म्हणून बाजूला काढतो, आणि मग बाटली कोणी गळवली यावर महिनाभर वाद. भरताना बाटलीला जाड पिशवी, तिच्या तोंडाला गाठ नव्हे तर उष्णतेने सील, मग बबल रॅप, मग पाच पदरी खोकं, बाटली आणि भिंतीमध्ये बोटभर तरी जागा आणि ती कागदाने ठासून भरलेली. खोकं हलवलं की आत काही हललं नाही पाहिजे. काचेच्या बाटलीचा आग्रह असलेल्यांनी एवढंच बघावं की रिकामी काच चार-पाचशे ग्रॅम घेते आणि कुरिअरचा दर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने चढतो.

पावसाळ्यात हेच खोकं वेगळं वागतं. समुद्रकाठच्या हवेत पुठ्ठा पाणी ओढतो आणि सततच्या दमटपणात त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते; जूनमध्ये चार थर लावलेली खोकी जुलैत तळातून बसतात. पारदर्शक टेपही दमट पुठ्ठ्यावर धरत नाही, कडा उचलतो. उपाय महागडे नाहीत: खोकी जमिनीवर नाही तर लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर लांब, रिकामी खोकी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गठ्ठ्यातच, लागतील तशी काढायची, टेप इंग्रजी एच अक्षरासारखा, मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर. थर्मल लेबलाला तेल लागलं की छपाई उडते, आणि मालवणी मसाल्याच्या पाकिटावर तेल हमखास असतं. बारकोड वाचला गेला नाही की पार्सल कुरिअरच्या हबमध्येच (वर्गवारी केंद्रात) पडून राहतं. लेबलवर पारदर्शक टेप सरसकट मारणारी केंद्रं आहेत, पण बारकोडवर टेपची सुरकुती आली तरी स्कॅनर अडतो. लेबल पाऊचमध्ये घातलेलं उत्तम.

सुकी मासळी घेणाऱ्या केंद्रात आंबापोळी ठेवू नका. कितीही बंद पिशव्या असोत, जवळा आणि सुकट यांचा वास पुठ्ठ्यात मुरतो आणि मुंबईतलं गिऱ्हाईक खोकं उघडण्याआधीच नाक मुरडतं. वेगळी खोली असेल तर चालेल. एकाच शेडचा दुसरा कोपरा म्हणजे वेगळी खोली नव्हे.

हापूसचं पॅकिंग या केंद्रांना जमतं का? थोडक्यात, बहुतेकांना नाही. आंबा रॅकवर ठेवायचा माल नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी तो झपाट्याने पिकतो, एक पिकलेला आंबा शेजाऱ्यांना पिकवतो, आणि रोज निवड केल्याशिवाय भागत नाही. लांबच्या ऑर्डरी सोमवार ते बुधवारच निघाल्या पाहिजेत, नाहीतर रविवार हबमध्ये जातो. साका, म्हणजे आतला गर पांढुरका आणि स्पंजासारखा होणं, बाहेरून कळतच नाही; कापलेल्या फळाचा फोटो आला की बदली द्यायची आणि त्याचा भार उत्पादकाने घ्यायचा, हे आधीच लिहिलेलं बरं, कारण त्यात केंद्राचा दोष नसतो. डागाळलेल्या, दबलेल्या फळाचा मात्र असतो. केंद्राने भरताना पेटीचा वरून एक फोटो काढून ऑर्डर क्रमांकासह ठेवला तर निम्मे वाद तिथेच मिटतात. अक्षय तृतीयेच्या आठवड्यात अशी फोटोची शिस्त टिकवणारं केंद्र मिळालं तर त्याला धरून राहा.

खोक्याच्या मापात मंदीचा आणखी एक फटका लपलेला आहे. कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं, काही करारांत भाजक याहून लहान असतो. अर्धा किलो पोह्याचे पापड ३०×२५×१२ च्या खोक्यात घातले तर वजन निघतं १.८ किलो, बिल दोन किलोचं. तेच पापड २६×२०×९ मध्ये बसवले तर ०.९४, म्हणजे एक किलो. आता होतं असं, की कामं कमी झाली की केंद्र सात मापांची खोकी ठेवण्याऐवजी तीनच मापं ठेवतं, कारण खोकी बनवणारा एका मापाची ठरावीक संख्या घेतल्याशिवाय छापत नाही. खोक्यात केंद्राने वाचवलेले चार रुपये तुम्ही कुरिअरला चाळीस करून देता. आपल्या दोन मुख्य मापांची खोकी आपणच बनवून केंद्रात ठेवावीत. महिन्याच्या कुरिअर बिलात ‘वजन तफावत’ असा रकाना असतो. तो दर आठवड्याला बघून हरकत घेतली तरच पैसे परत येतात, हरकतीची मुदत थोड्याच दिवसांची असते. हे काम केंद्र करणार की तुम्ही, ते ठरवून घ्या. न ठरवलेलं काम कोणीच करत नाही.

मंदीत परत येणारी पार्सलं वाढतात, तीही मुख्यतः सीओडीची. मागवताना हौस असते, चार दिवसांनी दारात पैसे द्यायचे म्हटलं की ‘घरी कोणी नाही’. जायचे ७०, यायचे ६०, पॅकिंगचे २२, परत आलेलं तपासून रॅकवर लावायचे १२, असे १६४ रुपये धरा. ज्या ऑर्डरीत १२० रुपये सुटतात तिथे एक परतावा सव्वा विक्रीहून जास्त खातो. आणि खाण्याचा माल परत येऊन पुन्हा विकता येईलच असं नाही. ऑनलाइन विकलेल्या खाद्यपदार्थाचं, गिऱ्हाइकाच्या हातात पडताना, एकूण आयुष्याच्या ३० टक्के किंवा ४५ दिवस उरलेले असले पाहिजेत, असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ई-कॉमर्स कंपन्यांना २०२४ मध्ये सांगितलं आहे. चार महिने टिकणारी आंबापोळी दोन आठवडे फिरून परत आली तर तिची खिडकी अरुंद होते. म्हणून केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉटची तारीख टाकता येते का आणि जुनी तारीख आधी काढली जाते का, हे विचारू नका, दाखवायला सांगा. ‘आमची पोरं बघून काढतात’ हे उत्तर नापासाचं. परतावे कमी करण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर ‘हो’ मागणं आणि यूपीआयने आधी भरणाऱ्याला तीस-चाळीस रुपये सूट. काही केंद्रं हा फोन-मेसेज ऑर्डरमागे दोन-तीन रुपयांत करतात. यांच्या सगळ्या जादा सेवांत पैसे वसूल करणारी हीच.

जागेचा विचार कोकणात गोदामाच्या दरापेक्षा आधी करावा लागतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा पॅलेटच्या उंचीने कोणाचा माल वाचला नाही. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतली पत्र्याची छपरं उडवली. तेव्हा शेड नदीच्या पातळीपासून किती वर आहे, छपराला हूक-बोल्ट कसे आहेत, हे बघायचं. आणि विम्याची पॉलिसी मागून त्यात दोन गोष्टी शोधायच्या: वादळ-पूर यांचं संरक्षण, आणि ‘दुसऱ्याचा विश्वासाने ठेवलेला माल’ समाविष्ट असल्याचा उल्लेख. दुसरा उल्लेख नसेल तर विमा केंद्राच्या रॅकचा आणि टेपचा. तुमच्या मालाचा नाही. स्वतःच्या मालाचा स्वतः विमा काढायचा तर एका ठिकाणच्या पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे. तिच्यात मालाचा पत्ता म्हणून केंद्राचा पत्ता घालायला विसरू नये.

दळणवळणात केंद्राला दोष देण्यात अर्थ नाही, पण त्याची तयारी बघता येते. रत्नागिरीचा माल आंबा घाटाने, चिपळूणचा कुंभार्लीने, सिंधुदुर्गाचा फोंडा, आंबोली नाहीतर गगनबावड्याच्या बाजूने वर चढतो. पावसात यातला एखादा घाट बंद असणं नवलाचं नाही. घाटमाथ्याकडचा आणि मुंबईकडचा माल वेगवेगळ्या कुरिअरला देणारं केंद्र एक रस्ता बंद झाला तरी निम्मं काम चालू ठेवतं. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी असते, तेव्हा त्या आठवड्याच्या ऑर्डरी तीन-चार दिवस आधी काढाव्या लागतात. शिवाय गणपती आणि शिमगा या दोन्ही दिवसांत पॅकर गावी असतात. पगार वाढवून ते थांबत नाहीत, आणि पालखी दारात येणार असेल तर त्यांनी थांबावं ही अपेक्षाच चुकीची. केंद्राने या दिवसांची सुट्टी वर्षाच्या सुरुवातीला लेखी दिली तर तो व्यवस्थित माणूस समजावा. ‘आम्ही बारा महिने चालू’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

भिवंडीचं काय? मुंबई-पुण्याला दुसऱ्या दिवशी पोचवायचं असेल आणि महिन्याला हजारच्या वर ऑर्डर असतील तर तिथली साठवण आणि कुरिअरचे दर दोन्ही परवडतात. पण माल आधी तिथे न्यावा लागतो, तो एकदम बराच न्यावा लागतो, आणि विक्री पडली की तो तिथेच अडकतो. ताजी लॉट कुडाळला आणि जुनी भिवंडीला, अशी फाळणी झाली की तारखांचा घोळ सुरू. मंदीत साठा जवळ हवा. टिकाऊ आणि सतत खपणारे दोन-तीन प्रकार, उदाहरणार्थ काजूगर आणि मसाला, भिवंडीत. बाकीचं कोकणात, हा मधला मार्ग ठीक.

महिन्याला शंभराच्या आत ऑर्डर असतील तर कोणतंच केंद्र घेऊ नका. घरी भरा आणि पोस्टात द्या. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंत पार्सल जातं, नेमाने माल देणाऱ्याशी पोस्ट करार करतं, आणि जिथे खाजगी कुरिअर ‘पिन कोड सर्व्हिस होत नाही’ म्हणतो तिथेही पोस्टमन जातो. मुंबई-पुण्याच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना एसटीचं पार्सलही चालतं, फक्त पेटी डेपोवरून त्यांनी उचलायची.

कागदपत्रांत दोनच गोष्टी सतत राहून जातात. केंद्राची जागा तुमच्या जीएसटी नोंदणीत ‘अतिरिक्त व्यवसाय स्थळ’ म्हणून जोडलेली असावी. आणि खाद्यपदार्थ साठवायचे तर केंद्राची स्वतःची एफएसएसएआय नोंदणी किंवा परवाना असावा. तुमचा परवाना तुमच्या कारखान्याचा आहे, त्याच्या शेडचा नाही. त्याच्या क्रमांकाची प्रत घ्या, आणि तो चालू आहे ना ते बघून घ्या, बऱ्याचदा तो नसतो.

गुणच द्यायचे तर पॅकिंगच्या हातकामाला पाचपैकी चार, कारण इथली माणसं माल ओळखतात. आगळाची बाटली आडवी ठेवू नये हे त्यांना सांगावं लागत नाही. हिशेबाला दोन. पावसाळी तयारीला केंद्रागणिक एक ते चार. करारांना एक, आणि तोही त्यांनी फोन उचलला म्हणून.

सुरुवात करायची तर तीन महिन्यांच्या करारावर, दोनच प्रकारांचा माल ठेवून करा. पहिल्या महिन्यात स्वतःच्याच ओळखीच्या चार-पाच पत्त्यांवर ऑर्डर टाका, एक लांबच्या तालुक्यात, एक सीओडीची, एक मुद्दाम नाकारायची. नाकारलेली किती दिवसांनी परत रॅकवर दिसते ते मोजा. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दोघांनी मिळून माल मोजायचा, तफावत अर्ध्या टक्क्याच्या वर गेली तर भरपाई केंद्राची, आणि भरपाई उत्पादन खर्चाने की विक्री किमतीने तेही आधीच ठरलेलं. बाहेर पडायची नोटीस तीस दिवसांची ठेवा, आणि त्या तीस दिवसांत ऑर्डर पाठवणं चालू राहील असं वाक्य घाला. नाहीतर नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची कॅरेट मागच्या भिंतीला जातात आणि पुढच्या रॅकवर दुसऱ्याचा माल लागतो.